माळरानाचा हिरवेपणा कशाशी ताडून पाहावा?

सोलापूर जिल्ह्याच्या एप्रिलमधील उपग्रह-प्रतिमेवरून वनस्पती निर्देशांकाचा, म्हणजे हिरवेपणा मोजणाऱ्या आकड्याचा, नकाशा तयार केला, तर उजनीच्या पाणफुगवट्यालगतचे आणि कालव्याखालचे उसाचे पट्टे गडद हिरवे दिसतात, तर नान्नजचे माळरान तपकिरी दिसते. आकडे अचूक असतात, पण त्यावरून ऊस सुदृढ आणि माळ उजाड असा निष्कर्ष काढणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते.

एनडीव्हीआय या नावाने ओळखला जाणारा हा निर्देशांक पानांच्या एका साध्या गुणधर्मावर आधारलेला आहे. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानांच्या आतील पेशीरचना डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण परावर्तित करते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक यांमधील एक संख्या मिळते; ती जितकी मोठी, तितकी हिरवी पाने दाट. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांमध्ये या दोन्ही किरणांच्या नोंदी १० मीटर तपशिलाने मिळतात, दोन उपग्रह मिळून साधारण दर ५ दिवसांनी त्याच जागेवरून जातात, आणि हा सर्व साठा कोणालाही विनामूल्य खुला आहे. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे सलग प्रतिमा मिळणे कठीण जाते. तेथे ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारचा आधार घ्यावा लागतो.

एका तारखेची प्रतिमा फारसे सांगत नाही. जमिनीचा वापर ओळखू येतो तो निर्देशांकाच्या वर्षभराच्या आलेखावरून. भारी काळ्या रानातील रब्बी ज्वारीचा आलेख ऑक्टोबरनंतर चढू लागतो, डिसेंबर-जानेवारीत शिखर गाठतो आणि काढणीच्या सुमारास झपाट्याने उतरतो. तूर पावसाळ्यातच वाढीला लागते आणि ज्वारी अजून उभी असताना खाली येते. आडसाली ऊस वर्षाहून अधिक काळ वरच राहतो. मुरमाड माळावरील कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते जुलैच्या पावसाबरोबर उसळी घेतात, सप्टेंबरमध्ये भरात येतात आणि हिवाळा लागता लागता सोनेरी होऊन वाळतात. हे वाळणे गवताच्या जीवनक्रमाचाच भाग आहे; जमिनीखाली मुळे जिवंत असतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात.

म्हणून माळाची तुलना शेजारच्या उसाशी करू नये. ती त्याच माळाच्या मागील वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी करावी. सध्याचा निर्देशांक त्या जागेच्या आजवरच्या किमान आणि कमाल मूल्यांच्या मध्ये कोठे बसतो, हे सांगणारा वनस्पती स्थिती निर्देशांक याच विचारातून आला, आणि केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत त्याला स्थान मिळाले. विरळ गवतात मातीचाही रंग मोजमापात मिसळतो. अशा ठिकाणी मातीचा प्रभाव कमी करणारा सावी हा निर्देशांक मला अधिक भरवशाचा वाटतो.

खरी अडचण नकाशांत जमिनीच्या वर्गांना दिलेल्या नावांत आहे. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साह्याने तयार केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात विरळ आणि दाट झुडपी जमिनी पडीक म्हणून गणल्या जातात. याउलट, भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर १० टक्के वा अधिक छत्रघनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला भाग) असली की ते वनाच्छादन ठरते, मालकी आणि वापर काहीही असो. त्यामुळे कोकणातील काजूची बाग आणि दोडामार्गातील रबराची लागवडसुद्धा त्यात बसू शकते. झाडे नसलेली, पण लांडगा, खोकड, काळवीट आणि माळढोक यांना पोसणारी आणि धनगरांच्या मेंढ्यांना चराई देणारी परिसंस्था मात्र रिकामी ठरते. अशा ‘रिकाम्या’ माळावर गिरिपुष्प किंवा निलगिरी लावली आणि ती दाट झाली, की निर्देशांकाची वार्षिक सरासरी वाढते आणि नकाशावर सुधारणा नोंदली जाते. प्रत्यक्षात दूरवर मोकळी दृष्टी लागणाऱ्या माळढोकाचा अधिवास तेथे संपलेला असतो.

संगणकाला वर्गीकरण शिकवण्यासाठी जमिनीवरून जे नमुने गोळा केले जातात, त्यांत गवताळ माळाचा स्वतंत्र वर्ग असला पाहिजे, आणि ते नमुने पावसाळा संपता संपता, गवत उभे असताना घेतले पाहिजेत. कोणता पट्टा गायरान आहे, कोणता नुकताच नांगरला गेला आणि कोठे मेंढरे बसली होती, हे चारणाऱ्यांना विचारल्याशिवाय केलेला वर्ग मी तरी अंतिम मानणार नाही.