जुने बंगले, जुन्या बागा : आमची वाटचाल

पाचगणीत जमिनीचे दलाल पुष्कळ. जुना बंगला बागेसकट, राहायचं घर म्हणून विकणारे मात्र आम्हीच, हे मी अभिमानाने सांगतो. वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हा ऑफिस म्हणजे किराणा दुकानातलं एक बाकडं. त्यांची हत्यारं आजही माझ्या पिशवीत असतात: लांब फीत, टॉर्च आणि जाड टोचा. वासा भिंतीत शिरतो तिथे टोचा खुपसायचा. वाळवी तिथूनच चढते. मधला वासा ठणठणीत दिसतो. मग कौल उलटायचं. बासेल मिशनचा, म्हणजे कौलांचे कारखाने चालवणाऱ्या ख्रिस्ती मिशनचा, ठसा असेल तर कौल बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, कारण युद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. पण छप्पर मागाहून शाकारलेलं असू शकतं. एका कौलावरून घराचं वय ठरवू नये.

१७ जानेवारी २००१ ला महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. झाडतोडीवर आणि उतारावरच्या बांधकामावर बंधनं आली. आमचं गिऱ्हाईक झाडांसाठीच येतं, त्यामुळे आम्हाला हे हवंच होतं. पण एका दलालाने मालकांच्या कानात भरवलं, आता बंगल्यांना कवडीचा भाव येणार नाही, मिळेल ते घ्या.

तेव्हा आमच्या हातात एक बंगला होता. जांभ्याच्या भिंती, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, सिल्व्हर ओक इतके दाट की फाटकातून घर दिसायचं नाही. मोजणीची ‘क’ प्रत म्हणजे हद्दीचा सरकारी नकाशा, मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध, पेपरातली जाहीर नोटीस, रुसलेल्या भावंडांची समजूत, सगळं आम्ही केलं. गिऱ्हाइकाने इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, दिला. हक्कसोडपत्राच्या नोंदणीच्या तोंडावर त्याच दलालाने धाकट्या वारसाला फितवलं. सही झाली नाही, बंगला त्याच्या माणसाने घेतला आणि पुढच्या पावसाळ्याआधी व्हरांडा पाडला. मालकांनी इसार खर्चून टाकला होता. गिऱ्हाइकाला तो आम्ही भरून दिला. जीप विकली, आईच्या पाटल्या मोडल्या. तो दलाल आजही बाजारात भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही.

ऑफिसला कुलूप लावायची वेळ आली तेव्हा मुंबईहून एका पारशी बाईंचा फोन आला. ‘तुझ्या बाबांनी मला बंगला देताना फणस कुंपणाच्या आत येतो की नाही, ते फीत धरून दाखवलं होतं. आता विकायचाय. तूच विकायचा, दुसरा कोणी नाही.’ त्यांनी दलाली घासाघीस न करता दिली, वर दोन ओळखीची घरं मिळवून दिली. त्यांच्यामुळे ही फर्म उभी आहे.

पुढची वर्षं बरी गेली.

सध्या तसाच एक बंगला विकायचा आहे. मेमध्ये बघू नका, जुलैत या. पन्हळीखालच्या भिंतीला हात लावा, ओल किती चढते ते कळेल. आणि बागेला पाणी कुठून येतं, हे माळ्याला बाजूला घेऊन विचारा. विहीर शेजाऱ्याच्या उताऱ्यावर निघाली, असं मी पाहिलंय.