हाकोनेच्या घडीवरची पट्टी निघाली, आणि खाली तुटक रेघ!

मंडळी, पट्टी निघाली! मागे लिहिलं होतं तोच घडीनकाशा: जपानी चित्रकार योशिदा हात्सुसाबुरोने काढलेला, टोकियोजवळच्या हाकोने या डोंगराळ भागाचा. मागचं पान फाटून गेलेलं, म्हणून छपाईचं साल नाही. आणि ज्यावरून साल काढता आलं असतं तो आतामी गावाचा किनारा नेमका घडी सांधायला चिकटवलेल्या तपकिरी कागदी पट्टीखाली गडप.

सगळं अडलं होतं तान्ना बोगद्यापाशी. आतामीच्या पुढे डोंगरातून जाणारा हा ७.८ किलोमीटरचा रेल्वे बोगदा १९१८ मध्ये खणायला घेतला, त्यात ६७ माणसं गेली आणि १ डिसेंबर १९३४ ला तो वाहतुकीला खुला झाला. तोवर तोकाइदोची (टोकियोहून पश्चिमेकडे जाणारी) मुख्य लाइन डोंगराला वळसा घालून गोतेंबावरून जायची आणि आतामीची लाइन आतामीलाच संपायची. म्हणजे आतामीच्या पुढे काय काढलंय ते दिसायलाच हवं होतं. दुसरी बाजू पक्की होती: शिंजुकु-ओदावारा रेल्वेमार्ग (एप्रिल १९२७) आणि त्याचा एनोशिमा फाटा (एप्रिल १९२९) दोन्ही जाड लाल रेघेत आहेत, म्हणजे नकाशा १९२९ च्या आधीचा नाही.

खरा छळ केला तो जांभळ्या शिक्क्याने. कुणा प्रवाशाने हौसेने स्टेशनवर मारून घेतलेला हा शिक्का पट्टीला अगदी खेटून आहे. ओला कापूस टेकवून एकेक रंग तपासला. छपाईचे रंग ढिम्म हलले नाहीत, शिक्क्याची शाई मात्र लगेच कापसावर उतरली. पट्टीची कडा पाण्याने फुगत होती, म्हणजे सरस जुना, पाण्याने सुटणारा. पण तेच पाणी शिक्का पुसून टाकणार! वाफ देऊन पाहावी असं काहींनी सुचवलं होतं. वाफ हवी तिथे थांबत नाही, म्हणून मी ती टाळली.

शेवटी उपयोगी पडलं मेथिल सेल्युलोज, म्हणजे पाणी धरून ठेवणारी, न पसरणारी लापशी. खिरीएवढं दाट करून फक्त पट्टीवर थापलं, शिक्क्याच्या बाजूला टिपकागदाची घडी दाबून ठेवली आणि सरस मऊ होईपर्यंत तिथून हललो नाही. आधी वरचा कागद सोलून आला, मग सरसाचा थर पातळ स्पॅचुलाने थोडा थोडा उचलला. स्पॅचुला दंतवैद्यांच्या सामानाच्या दुकानातून घ्या. चित्रकलेच्या दुकानात मिळतो त्याची धार जाड असते, तंतू उपसते.

पट्टीखाली रूळ होते, पण तुटक रेघेत! शेजारी बारीक अक्षरं. पुण्यात जपानी वाचणारं माणूस शोधत फिरावं लागत नाही. मैत्रिणीने भिंगातून पाहून लगेच सांगितलं, 'काम चालू आहे'. म्हणजे बोगदा अजून खुला झालेला नाही. १९२९ ते १९३४! इतके महिने दडलेली ती रेघ मी रात्री पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरत होतो. क्षितिजावर हात्सुसाबुरोने नेहमीप्रमाणे शिमोनोसेकीपर्यंतचा जपान वाकवून बसवलाय, त्याच्याकडे त्या दिवशी लक्षच गेलं नाही.

साल आणखी आवळता येईल का? ओयामा डोंगरावरची केबल कार १९३१ ची, आणि या नकाशात ओयामावर नुसत्या पायऱ्या आणि देऊळ. पण त्यावर मी विसंबणार नाही. हे नकाशे रेल्वे कंपन्यांनी पैसे देऊन काढून घेतलेले. दुसऱ्याची लाइन गाळली म्हणजे ती तेव्हा नव्हती असं होत नाही.

हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. योकोसुकाचा नाविक तळ जवळ असल्याने इथल्या किनाऱ्याच्या नकाशांना लष्करी परवानगी लागायची, आणि तिचा मजकूर बऱ्याचदा तारखेसकट समासात छापलेला असतो. माझ्या नकाशाच्या खालच्या समासावर आणखी एक पट्टी आहे! आधी बेत होता घडी जपानी कागदाने सांधण्याचा. तो आता मागे. तसंही गव्हाच्या चिकाची खळ पावसाळी हवेत वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते. घरच्या कुरडयांच्या चिकात थोडं ग्लुटेन राहतंच, कसरीला तेवढं पुरे; तयार शुद्ध स्टार्चच घ्या.

एक विनंती. लिलावात नकाशा घेताना मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नका. माझ्या विक्रेत्याने फक्त मुखपृष्ठ दाखवलं होतं. आणि कुणाकडे हाकोनेची अख्खी प्रत असेल तर खालच्या समासाचा जवळून फोटो पाठवा. तिथे परवानगीची ओळ कुठे येते ते कळलं, तर पट्टी कुठल्या टोकाने उचलायची हे ठरवता येईल.