सात की शपथ? बैर-शेबाच्या विहिरीपाशी

तेल अवीवहून दक्षिणेला निघालेल्या आगगाडीतून हिरवी शेते मागे पडली, माती पिवळी पडत गेली आणि नेगेवचे वाळवंट जवळ आल्याचे कळले. मराठी बायबलमधले बैर-शेबा, म्हणजे आजचे बेएर-शेवा, याच वाळवंटाच्या उंबरठ्यावर आहे. ‘दानपासून बैर-शेबापर्यंत’ म्हटले की उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतचा सारा देश समजायचा. मला ओढ होती ती या नावाचीच.

‘बेएर’ म्हणजे विहीर, यात वाद नाही. वाद आहे तो ‘शेवा’चा. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात, गरारचा राजा अबीमलेख याच्या चाकरांनी बळकावलेल्या विहिरीचा तंटा मिटवताना, ती आपणच खणल्याची साक्ष म्हणून यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम सात मेंढ्या त्याच्या हवाली करतो, आणि ‘शेवा’ म्हणजे सात. नावाचे कारण सांगताना मात्र तोच मजकूर म्हणतो की तेथे दोघांनी शपथ वाहिली, म्हणून हे नाव पडले. हिब्रूत शपथ वाहण्याचे क्रियापदही सातच्याच तीन व्यंजनांचे आहे, त्यामुळे शब्द दोन्हीकडे झुकतो. पुढे २६व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाकही शपथ घेतो, त्याच दिवशी त्याच्या चाकरांना पाणी लागते, आणि गावाचे नाव पुन्हा एकदा, जणू पहिल्यांदाच, पडते! या दुसऱ्या ठिकाणी ग्रीक भाषांतरात ‘शपथ’ आहे, तर बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम याच्या लॅटिनमध्ये चक्क ‘विपुलता’. ‘श’ आणि ‘स’ यांना हिब्रूत अक्षर एकच, आणि त्यांचा भेद दाखवणारा ठिपका तेव्हा लिहिला जात नसे; ‘श’ऐवजी ‘स’ वाचला की तोच शब्द विपुलतेकडे वळतो. सप्तपदी ठाऊक असलेल्या आपल्याला सात आणि वचन यांची जोडी परकी वाटत नाही, पण तेवढ्यावरून भाषांचे नाते जुळवण्याचा मोह मी आवरला.

शहराच्या पूर्वेला प्राचीन वस्तीचे टेकाड आहे. पुरातत्त्वज्ञ योहानान अहरोनी यांनी १९६९पासून तेथे उत्खनन केले आणि २००५मध्ये हे टेकाड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वेशीबाहेरची विहीर ६० मीटरांहून खोल आहे. ती अब्राहामाचीच असे मानायला आधार नाही. शिवाय शहरातही ‘अब्राहामाची विहीर’ दाखवतात. परंतु कठड्याशी वाकून तळ दिसेना, तेव्हा असे खोदकाम करणारा माणूस पाण्यावरच्या हक्कासाठी शपथेपर्यंत का जाईल, हे उमगले. माझा कौल शपथेला. मेंढ्या तिच्या साक्षीपुरत्या.

संध्याकाळी शहरातल्या एका बाकावर कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातल्या आजी भेटल्या. गावाच्या नावाचा अर्थ विचारला, तर त्या हसल्या.

“इथलं काय ते शाळेतल्या पोरांना विचारा. माझं गाव माझ्या आडनावातच आहे, रोह्याच्या बाजूला. तुम्ही कुठले?”