शेवटी पेन घेतलाच

कुरिअरवाला फाट्यावरूनच फोन करत होता, मग मीच गाडी काढून गेलो अन् पेन घेऊन आलो. प्लॅटिनम या जपानी कंपनीचा ३७७६ सेंच्युरी शाईपेन, १४ कॅरेट सोन्याची निब. ३७७६ म्हणजे फुजी पर्वताची उंची, मीटरमध्ये. पायलट कंपनीचा कस्टम ७४ पण मनात होता, पण याच्या टोपणात आतून सील आहे, शाई दोन वर्षं वाळत नाही म्हणते कंपनी, अन् आपल्याकडं मे महिन्यात साधा शाईपेन चार दिवसांत कोरडा पडते. जपानी पेनाची फाइन निब लय बारीक असते म्हणून मीडियम घेतली. बाबानं पह्यले त्याच्यानं कापूसवेचणीचा हिशोब लिहिला, मग बराच वेळ नुसती सहीच करत बसले.