लोणारच्या गाळातलं रान

भाद्रपदातली सकाळ. गोमुखाच्या धारेजवळून आम्ही लोणारच्या विवरात उतरायला लागलो. सोबतचे सगळे खालच्या हिरवट पाण्याकडे बघत चालले होते आणि माझी मैत्रीण मान वर करून सागाकडे. साग पांढऱ्या तुऱ्यांनी नुसता लहडला होता.

"एवढा फुललाय बघ, पण खालच्या गाळात याचा पत्ता फार कमी लागतो," ती म्हणाली.

ती परागकणांचा अभ्यास करते. तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळातून जुने परागकण वेगळे काढायचे, कुठल्या वनस्पतीचे ते ओळखून मोजायचे आणि त्यावरून त्या काळी आसपास काय उगवत होतं, पाऊसमान कसं होतं याचा अंदाज बांधायचा. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये ही मोजणीची पद्धत मांडली. आपल्याकडे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत हे काम कित्येक वर्षं चालू आहे.

सागाचे पराग कीटक वाहून नेतात, त्यामुळे ते हवेत फारसे उधळत नाहीत. गवताची सगळी भिस्त वाऱ्यावर, म्हणून ते भरमसाट पराग सोडतं. तेव्हा गाळात गवत जास्त निघालं म्हणून तिथे उघडा माळच होता, असं लगेच म्हणता येत नाही. आधी आजचं रान आणि आजचा गाळ यांचा ताळमेळ घालून बघावा लागतो. लोणारला संशोधकांनी तसा तो घातलाही आहे. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण डोक्यावर सागाचा फुलोरा असताना ऐकलं तेव्हा खरं समजलं.

उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्टमध्ये पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उतारावरून वाहून आलेलं आणि वाऱ्याने आणून टाकलेलं सगळं इथेच राहतं. काठावर पोचल्यावर वाटाड्या दादा म्हणाले, "ताई, हात घालून पाहा, साबणावानी लागते." खरंच बोटं बुळबुळीत झाली. पाणी इतकं अल्कधर्मी आहे.

याच तळ्याच्या तळातून संशोधकांनी १० मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला. त्याला ते कोअर म्हणतात. त्यात सुमारे ११ हजार वर्षांचा गाळ आहे. मी काठावर उभी राहून मनात भागाकार केला: सरासरी वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर! शिवाजी महाराजांचा काळ म्हणजे माझ्या गुडघ्याच्याही खाली.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मैत्रिणीने मला सूक्ष्मदर्शकाखाली बाभळीचे पराग दाखवले होते. ते सुटे नसतात. बहुतेकदा सोळा कण एकमेकांना घट्ट चिकटून एक चपटी गोल टिकली झालेली असते, कुणी हाताने रचून ठेवल्यासारखी. एकदा बघितली की विसरणं शक्य नाही. वेडी बाभूळ दिसायला तिची बहीण, पण तिचे कण सुटे. ती अमेरिकेतली, आपल्याकडे आली एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे तिचे कण असलेला थर फार जुना असूच शकत नाही.

आणि हे कण टिकतात कसे? त्यांचं बाहेरचं कवच विलक्षण चिवट असतं. प्रयोगशाळेत गाळातला चुना हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, वाळू हायड्रोफ्लुओरिक आम्लात. हे दुसरं आम्ल काचही खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची घ्यावी लागतात. त्या सगळ्यातून कण मात्र धडधाकट बाहेर येतात. (शत्रू म्हणाल तर हवा. गाळ उघडा पडून वाळत राहिला की कवच झिजतं.)

तरीही परागांची एक अडचण उरतेच. एखाद्या थरात झाडं कमी झालेली दिसली, तर ती पावसाने ओढ दिल्यामुळे की कुऱ्हाडीमुळे? पराग ते सांगू शकत नाहीत. लोणारच्या गाळात दुसरा साक्षीदार मिळाला, तो गेलुसाइट नावाच्या खनिजाचा. सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे हे स्फटिक इथे तळ्याचं पाणी आटून अतिशय दाट झालं की तयार होतात. कुऱ्हाड चालवून ते होत नाहीत. अशा अनेक खुणा एकत्र वाचून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने कमजोर मान्सूनचे दोन दीर्घ टप्पे सांगितले: एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. मध्य भारतातली शेतकरी वस्ती भरभराटीला आली ती या दोहोंच्या मधल्या काळात.

दुसऱ्या टप्प्याचे आकडे ऐकून मी थबकले. गावातलं दैत्यसूदन मंदिर चालुक्यकाळातलं मानतात. म्हणजे ते याच टप्प्यात उभं राहिलं. पाऊस पिढ्यान् पिढ्या हात आखडता घेत असताना इथे कुणीतरी एवढं नाजूक कोरीवकाम करत होतं, त्यांना पोसणारं कुणीतरी होतं. ते कसं जमवलं असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. परागांमध्ये त्याचं उत्तर नाही. वरच्या गोमुखाच्या बारमाही धारेत कदाचित थोडंसं असेल.

परतताना काठच्या एका बाभळीखाली थांबलो. तिचे पिवळे गोंडे वाऱ्याने गळत होते, काही चिखलात, काही पाण्यावर. मैत्रिणीने एक उचलून माझ्या काळ्या ओढणीवर टिचकी मारून झटकला. बारीक पिवळी भुकटी पडली. सोळा-सोळाच्या टिकल्या त्यात असणार, डोळ्यांना दिसत नव्हत्या. उरलेले गोंडे हळूहळू पाण्यात भिजत होते, यंदाच्या मिलिमीटरसाठी.