ग्लोव्हजवर 'नवले' काबरं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी भुसावळच्या मैदानावर कोणी विचारलं की 'सेकंडहँड घेतलेत भो' म्हणून वेळ मारून नेतो. माझं आडनाव महाजन. पण कीपिंगच्या ग्लोव्हजवर, मनगटाच्या पट्टीवर, काळ्या मार्करनं 'नवले' लिहिलंय. घामानं पुसलं जातं, दर सीझनला परत गिरवतो. समोरचा बॅट्समन गार्ड घेता घेता वाचतो आणि विचारतोच, "नवले काबरं?"

जनार्दन नवले. भारताचे पहिले टेस्ट कीपर. शिवाय टेस्टमध्ये भारताकडून पहिला बॉल खेळले तेही हेच. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "ते तर सी. के. नायडू ना?" नायडू कॅप्टन होते. ओपनिंगला गेले नवले आणि नाऊमल जेऊमल.

25 जून 1932, लॉर्ड्स, शनिवार. इंग्लंडची बॅटिंग. सटक्लिफ आणि होम्स या जोडीनं दहाच दिवस आधी यॉर्कशायरकडून 555 ची सलामी दिलेली. त्या दोघांच्याही दांड्या महंमद निसारनं उडवल्या. वुली लालसिंगच्या फील्डिंगवर रनआउट. 3 बाद 19! लोक ही गोष्ट सांगताना निसारपाशी थांबतात, थांबावंच. मी मात्र ते स्कोअरकार्ड स्टंपमागे बसून वाचतो. बोल्ड झाला की कीपरच्या नावावर काही चढत नाही. नवलेंचं नाव येतं ते इंग्लंडचा कॅप्टन जार्डिनच्या विकेटला, 79 वर, नायडूंच्या बॉलिंगवर कॅच. इंग्लंड 259 ला आटोपलं, त्याच दिवशी. पण त्यासाठी ओव्हर लागल्या 105.1.

हा आकडा कीपरलाच कळतो. आम्ही रविवारी वीस ओव्हरची मॅच खेळतो, म्हणजे दर बॉलला एक धरून, वाइड-नोबॉल सोडून 120 उठाबशा. मे महिन्यात इथलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दहाव्या ओव्हरला इनर, म्हणजे ग्लोव्हजच्या आतले पातळ हातमोजे, पिळून वाळत घालावे लागतात. माझ्या उजव्या हाताची करंगळीशेजारची बोटं दोनदा मोडून तशीच वाकडी जुळलीत, भाकरी मोडताना बायको हसते. नवलेंच्या त्या दिवशी 631 उठाबशा झाल्या, त्यात निसारसारखा वेगवान बॉलर आणि अमरसिंगचा वळणारा नवा बॉल. आणि एवढं झाल्यावर माणसानं काय करावं? पाय पसरून पडावं. नवले पॅड बांधून ओपनिंगला गेले.

त्या संध्याकाळी दोघंही नाबाद परतले. रविवारी सुट्टी. सोमवारी चष्मेवाल्या उंच बिल बोजनं नवलेंना 12 वर बोल्ड केलं. दुसऱ्या डावात 13. मॅच आपण 158 रननी हरलो.

पुढची टेस्ट दीड वर्षानं, डिसेंबर 1933, मुंबईचं जिमखाना मैदान, भारतात झालेली पहिलीच टेस्ट. ती लाला अमरनाथच्या 118 रनची. नवले 13 आणि 4. नंतर कलकत्त्याला दिलावर हुसेन कीपर म्हणून आले, डोक्याला बॉल लागून पट्टी बांधून परत खेळले, 59 आणि 57 काढले. तेव्हा तक्रारीलाही जागा नाही. सोळाव्या वर्षापासून हिंदू संघाकडून (तेव्हा मुंबईत धर्मानुसार टीम पाडून स्पर्धा व्हायची) खेळलेल्या माणसाचा टेस्टचा हिशोब 2 मॅच, 42 रन. एवढ्यावर आमच्या तालुक्याच्या टीममध्येही कोणी घेणार नाही.

खरं सांगू, ग्लोव्हजवर नाव आलं ते यापुढच्या गोष्टीमुळे. उतारवयात नवलेंनी एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली. 1979 मध्ये पुण्यात गेले. मी हे वाचलं आणि मला माझे मामा दिसले. तेही आमच्याकडच्या एका कारखान्याच्या गेटवर होते. लहानपणी डबा घेऊन जायचो मी. मळीचा वास नाकात बसायचा. मामा स्टुलावर बसून वहीत ट्रॅक्टरचे नंबर लिहायचे आणि ऊस ओढणाऱ्या पोरांवर "ए, खाली उतर!" म्हणून ओरडायचे. त्या गेटवरून किती लोक आले-गेले, मामांना कोणी नाव विचारलेलं मला आठवत नाही. आता लॉर्ड्सवर पहिला बॉल खेळलेला माणूस तसाच एका गेटवर, खाकीत, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन... त्या रात्री मार्कर शोधला.

गेल्या रविवारी टीममधल्या नव्या पोरानं विचारलं. त्याला हे सगळं सांगितलं, ओव्हरच्या मधे मधे, तुकड्या-तुकड्यानं. तो आमच्या कॅप्टनजवळ जाऊन काय बोलला देव जाणे. इनिंग संपली, मी पाण्याच्या जारपाशी पोचलोही नव्हतो, तर कॅप्टन म्हणे, "पॅड बांधेलच आहेत ना भो, ओपनिंगले जाय."

गेलो. दुसऱ्याच बॉलला दांडी गुल.