हिसका मोजा, मग खिशात हात घाला

टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळायला लागलं की पहिला संशय ग्राफिक्स कार्डवर जातो. बऱ्याचदा ते बिचारं निर्दोष असतं. हिसका कधी बसतो आणि कोणत्या तालात बसतो, हे आधी पाहा. तिथेच अर्धं निदान होतं.

सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार असा: आवाज ठीक, चित्र कुठे थांबतही नाही, पण कॅमेरा आडवा सरकला की ते लंगडतं. मालिकेच्या शेवटची नामावली वर सरकते तेव्हा अक्षरांकडे बघा. ती थरथरत चढत असतील तर दोष रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो त्या आकड्याचा. आपल्याकडच्या मालिका सहसा सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) आणि कॉम्प्युटर टीव्हीला पाठवतो ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६०. ६०ला २५ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून सेकंदातल्या १५ फ्रेम दोनदा आणि १० फ्रेम तीनदा दिसतात. सिनेमाच्या २४ फ्रेमचंही तेच, एक फ्रेम ३३ मिलिसेकंद आणि पुढची ५०. दहा हजारांचं कार्ड घातलं तरी हा भागाकार बदलत नाही.

कोडी हे व्हिडिओ बघायचं ॲप वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये खाली डावीकडच्या गिअरवर क्लिक करत पातळी ‘एक्स्पर्ट’ करा. मग ‘प्लेअर’मधल्या ‘व्हिडिओज’मध्ये ‘ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ निवडा. ‘सिस्टिम’मधल्या ‘डिस्प्ले’त व्हाइटलिस्ट (वापरायला मुभा असलेल्या रेटची यादी) असते, तिथे २३.९८, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४ आणि ६० यांतले जे दिसतील ते टिक करा. फाइल सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो, ते होऊ द्या. टीव्ही नवा ताल पकडत असतो. २३.९८ आणि २४ एकच समजून पहिला वगळू नका. २३.९७६ची फाइल नेमक्या २४ हर्ट्झवर चालली तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. घड्याळ लावून मोजता येतो हा हिसका. ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ने तो झाकता येतो, पण त्याने ऑडिओ पासथ्रू (आवाज न उलगडता जसाच्या तसा होम थिएटरला पाठवणं) बंद पडतं. होम थिएटरवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

जुन्या मिनी पीसीत एचडीएमआय १.४ असेल तर फोरके ३० हर्ट्झवरच अडकतं. त्यावर २५ फ्रेमची मालिका लावली की प्रत्येक पाचवी फ्रेम दुप्पट वेळ थांबते. कॉम्प्युटरचं डिस्प्ले सेटिंग सरळ १०८०पी, ५० किंवा ६० हर्ट्झवर ठेवा.

दुसरा प्रकार: सगळंच जड चालतं, आवाज पुढे आणि चित्र मागे. कोडीत फाइल चालू असताना कीबोर्डवरचं ‘ओ’ दाबा. डीकोडरच्या (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाच्या) नावापुढे ‘एचडब्ल्यू’ दिसलं तर काम चिप करते आहे, ‘एसडब्ल्यू’ दिसलं तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही१ हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये १० बिट (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी नीट चालायला सातवी पिढी लागते आणि एव्ही१ला अकरावी. चौथ्या पिढीच्या जुन्या डेस्कटॉपवर एच.२६४ मात्र मजेत चालतं. रास्पबेरी पाय ५ या चिमुकल्या कॉम्प्युटरचं उलटं आहे. त्यात एचईव्हीसीचा हार्डवेअर डीकोडर आहे, एच.२६४चा नाही, १०८०पीचं एच.२६४ प्रोसेसर पेलतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. चिप योग्य असूनही ‘एसडब्ल्यू’च दिसत असेल तर लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ ही कमांड चालवा, चिपला कोणते कोडेक येतात ते ती दाखवते. यादीत एचईव्हीसीचं नावच नसेल तर ड्रायव्हर घातलेला नाही किंवा चुकीचा आहे. १० बिट एच.२६४वर मात्र डोकं आपटू नका, बहुतेक चिप्सना ते येतच नाही.

यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेक एव्ही१ आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा भराभर चढताना दिसला तर ब्राउझरला फक्त एच.२६४ मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाका. फोरके मिळणार नाही, १०८०पीपर्यंत थांबेल, पण धावेल.

चित्र थांबून पडद्यावर गोल चक्र फिरत असेल तर दोष नेटवर्कचा. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) नेटवर्क पोर्टमधून प्रत्यक्षात ९४ एमबीपीएसच्या आसपास निघतात आणि फोरके डिस्कची मूळ प्रत मध्येच त्यापलीकडे उडी मारते. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगाला केबलच्या आठही तारा लागतात. केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये एक तार सैल असली तरी लिंक गुपचूप १००वर उतरू शकते. लिनक्सवर ‘इथटूल’ या कमांडमध्ये वेग दिसतो, १०० दिसला तर आधी क्लिप नव्याने क्रिम्प (दाबून बसवून) करून घ्या.

आणि पहिली वीस मिनिटं लोण्यासारखी, मग अडखळणं, असं असेल तर दोष तापण्याचा. मिनी पीसी टीव्हीच्या मागच्या बंद कपाटातून बाहेर काढा, पंख्यातली धूळ ब्रशने झाडा. धूळ झाडताना किंवा फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.